फरशी, उतारा आणि शाळेचं अंतर

माण तालुक्यातल्या म्हसवडमध्ये ही गोष्ट आता जुनी झाली आहे. १९९०च्या दशकात रस्त्याकडेला पाल ठोकून लोहारकाम करणारी एक बाई चेतना गाला-सिन्हा यांच्याकडे आली. तिला बँकेत खातं उघडायचं होतं. साठवायचं कशासाठी, तर पावसाळ्याच्या आत पालावर अंथरायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. तिची बचत इतकी बारकी की बँकांनी तिला वाटेला लावलं. मग बायकांनी आपलीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत केला, कारण प्रवर्तकांच्या सह्यांच्या जागी अंगठेच जास्त. बायका अक्षरओळख करून पुन्हा साहेबांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही मुद्दलाचं व्याज विचारा, तुमच्या माणसांनी यंत्रावर काढायच्या आत आम्ही तोंडी सांगतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

ही कथा पुढे व्यासपीठांवर गाजली ती बँकेची म्हणून, आणि ते रास्तच आहे. पण त्या बाईची मूळ मागणी बँकेची नव्हती. तिला पोरांच्या डोक्यावर पाणी गळू द्यायचं नव्हतं. यशोगाथेच्या भरात तो प्लास्टिकचा कागद मागे पडतो. सातारा-सांगलीतल्या गरिबांच्या घरांबद्दल लिहायचं तर सुरुवात त्या कागदापासूनच करायला हवी.

सरकारदरबारी गरिबाच्या घराला घरकुल म्हणतात. इंदिरा आवास योजना १९८५ मध्ये सुरू झाली, २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. ग्रामीण घरकुलासाठी सपाटीवर १,२०,००० रुपये, डोंगराळ भागात १,३०,०००. वर रोजगार हमीची ९० ते ९५ दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२,०००. क्षेत्रफळ किमान २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. अनुसूचित जातींसाठी रमाई, जमातींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत अशा राज्याच्या योजना वेगळ्या. कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या पीएम-जनमन योजनेत घराला दोन लाख मिळतात. पंचायत समितीच्या आढावा बैठकीत यातले मंजूर किती, पूर्ण किती, अपूर्ण किती, एवढे तीन रकाने वाचले जातात. त्या घरात राहायला गेलेलं पोर आधीपेक्षा कमी आजारी पडतं का, शाळेत टिकतं का, याला रकाना नाही.

हप्ते मिळतात ते बांधकामाच्या टप्प्यांवर. जोतं झालं, फोटो. लिंटेल झालं, फोटो. स्लॅब किंवा पत्रा पडला, फोटो. फरशीसाठी असा स्वतंत्र टप्पा नाही. सिमेंटचा भाव वाढला, गवंड्याने एक खाडा जास्त केला, वाळू वेळेवर आली नाही, की पैसे संपतात आणि मग आधी राहतो गिलावा, त्याच्याबरोबर राहते फरशी. दार-खिडक्या लागतात, वास्तुशांत होते, आणि आत पाऊल टाकावं तर खाली मातीच.

ही बाब वाटते तेवढी किरकोळ नाही.

सारवलेल्या जमिनीचं कौतुक शहरी लेखनात पुष्कळ झालं आहे. सारवणाऱ्या बाईला विचारलं तर ती वेगळं सांगेल. शेणकाला करायचा, खडबडीत भागावर आधी पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, मग भिंतीकडून दाराकडे उकिडवं बसून मागे मागे सरकत यायचं. आठवड्यातून निदान एकदा, सणावाराला जास्त. पाटण-महाबळेश्वरकडच्या पावसात सारवण सुकतच नाही. ओल खालून चढते, वाकळ दमट होते, आणि रांगतं पोर त्याच ओलीवर हात टेकून तेच हात तोंडात घालतं. जंतांची अंडी मातीतून पोटात जातात, जंत अन्न आणि रक्त दोन्ही खातात. शाळा-अंगणवाडीत वर्षातून दोनदा अल्बेन्डाझोलची गोळी चघळायला देतात, ती चांगलीच आहे. पण गोळी घेतलेलं पोर संध्याकाळी परत त्याच जमिनीवर येतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची जवळपास ६९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली, आणि पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी. याला कारणं अनेक. त्यांतलं एक पायाखाली आहे.

ते किती मोठं, याचा हिशेब मेक्सिकोत मांडला गेला. तिथल्या कोआविला राज्याने २००० साली ‘पिसो फिर्मे’, म्हणजे पक्की जमीन, नावाची योजना काढली. मातीची जमीन असलेल्या घरांना ५० चौरस मीटरपर्यंत सिमेंट-काँक्रीट फुकट. घरटी खर्च सुमारे १५० डॉलर. कोआविलातलं तोरेऑन शहर आणि त्याला अगदी लागून असलेली, पण दुराँगो राज्यात मोडणारी गोमेझ पालासिओ आणि लेर्दो ही शहरं, यांची अर्थशास्त्रज्ञांनी तुलना केली. माणसं, हवा, रोजगार सारखेच. फरक राज्याच्या सीमेचा, म्हणून योजनेचा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाप्रमाणे मातीची जमीन पूर्णपणे सिमेंटची झाली तर लहान मुलांतले परजीवी जंत ७८ टक्क्यांनी, जुलाब ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षय ८१ टक्क्यांनी घटतो. मुलांची भाषेची समज सुधारली. आयांमधली खिन्नता आणि ताण कमी झाला. भिंती, छप्पर, मिळकत, काही बदललं नव्हतं.

तोरेऑनची गणितं जशीच्या तशी जतला लावता येणार नाहीत. पाणी, आहार, शौचालय यांची स्थिती वेगळी. तरीही घरकुलाच्या शेवटच्या हप्त्यात फरशीचा फोटो सक्तीचा करायला काही मोठं संशोधन लागत नाही. राज्याने २०२५ मध्ये घरकुलासाठी स्वतःकडून ५०,००० रुपयांची भर जाहीर केली, त्यातला एक वाटा सौरऊर्जेसाठी राखलेला. छपरावरच्या पॅनेलचा विचार झाला, जमिनीचा राहिला.

फरशी घालायची तर आधी खालची जागा आपली हवी, आणि इथेच यादीतली कित्येक नावं अडकतात. गावठाणात जागा नाही, घर गायरानावर किंवा कालव्याच्या कडेला, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नाव नाही किंवा भावकीत सगळ्यांचं मिळून एकच. जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे; तिची मदत सुरुवातीला ५०० चौरस फुटांपर्यंत ५०,००० रुपये होती. बागायती पट्ट्यात, कराड-इस्लामपूरच्या बाजूला, एवढ्यात प्लॉट मागायला गेलेला माणूस एजंटाच्या चेष्टेचाच विषय होईल.

कागदाने मुलांचं काय भलं होतं, हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर अर्जेंटिनातून मिळालं. ब्युनोस आयरेसजवळ १९८१ मध्ये भूमिहीन कुटुंबांनी मोठी पडीक जमीन व्यापली. १९८४ मध्ये तिथल्या विधिमंडळाने ती संपादित करून त्यांच्या नावे करायचा कायदा केला. काही मूळ मालकांनी मोबदला घेतला, काही कोर्टात गेले. परिणाम असा की शेजारच्याच दोन घरांतल्या एकाला मालकीचा कागद मिळाला आणि दुसऱ्याला वर्षानुवर्षं मिळाला नाही, आणि यात त्या कुटुंबांचा स्वतःचा काही हात नव्हता. पुढे गालियानी आणि शार्गरोडस्की या संशोधकांनी दोघांची तुलना केली. कागदवाल्यांनी घराच्या भिंती, छप्पर चांगलं केलं, त्यांची कुटुंबं आटोपशीर राहिली आणि मुलं जास्त शिकली. गंमत म्हणजे, कागद तारण ठेवून कर्ज मिळेल आणि गरिबी हटेल, असं जे सांगितलं जातं ते फारसं घडलं नाही. उद्या कोणी उठवणार नाही एवढी खात्री झाल्यावर माणसं आपणहून घरात आणि पोरांत पैसा घालू लागली.

आपल्याकडे २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देतात. गावठाणाच्या हद्दीतल्यांना त्याचा उपयोग आहे. गरिबांतला गरीब मात्र हद्दीबाहेर, गायरानात असतो. घरकुल पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे करण्याची तरतूद ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. दारू पिऊन घरातून हाकलणाऱ्या नवऱ्यासमोर उताऱ्यावरचं नाव काय काम करतं, ते सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही बचत गटात कळेल.

सांगलीत प्रश्न वेगळ्या तोंडाने येतो. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये महापालिका झाली. तीन गावांच्या झोपडपट्ट्या एका कारभाराखाली आल्या. पुढे केंद्राने डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाबरोबर लहान-मध्यम शहरांसाठी एकात्मिक गृहनिर्माण व झोपडपट्टी विकास कार्यक्रम आणला. घर किमान २५ चौरस मीटरचं, शक्यतो दोन खोल्या, स्वयंपाकघर, शौचालय, आणि लाभार्थ्याचा वाटा १२ टक्के, मागासवर्गीयांना १०. सांगलीत या कामात पुण्याची ‘शेल्टर असोसिएट्स’ ही संस्था उतरली. वास्तुविशारद प्रतिमा जोशी यांनी १९९०च्या दशकात उभी केलेली ही संस्था. तिची पद्धत अशी की आधी वस्ती मोजायची. घर न् घर, गटार, नळ, संडास, सगळं उपग्रहाच्या चित्रावर बसवायचं, घरोघर माहिती घ्यायची, आणि मगच कोणती वस्ती आहे तिथेच बांधायची आणि कोणती हलवायची हे वस्तीतल्या बायकांबरोबर बसून ठरवायचं. महापालिकेच्या कपाटात वस्तीचा नीट नकाशाच नसेल तर योजना ठेकेदाराच्या सोयीने आखली जाते, हे ओळखून केलेलं हे काम होतं.

हलवायचं तर किती लांब, यावर सगळं येऊन ठेपतं. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारा हमाल, बेदाणा निवडायला जाणारी बाई, विश्रामबागेत चार घरची धुणीभांडी करणारी मोलकरीण, यांचं पोट पायी जाण्याच्या टप्प्यात असतं. बाई दुपारी तासभर घरी येऊन लहानग्याला जेवू घालून परत जाते. घर पाच-सहा किलोमीटर लांब गेलं की रिक्षाचे पैसे, बुडालेलं एक काम, आणि थोरल्या मुलीची शाळा, कारण आता धाकट्याला तीच बघणार.

अहमदाबादेत हे आकड्यांत दिसलं. १९८७ मध्ये विडी कामगार बायकांसाठी सोडत काढून शहराच्या बाहेर, जुन्या वस्तीपासून सुमारे १२ किलोमीटरवर घरं दिली गेली. घरं चांगली होती, मालकीची होती. १४ वर्षांनी संशोधकांनी सोडत लागलेल्या आणि न लागलेल्या कुटुंबांना गाठलं. ज्यांना घर लागलं त्यांच्यातल्या ३४ टक्के कुटुंबांनी तिथे पाऊलच ठेवलं नव्हतं, आणि ३२ टक्के काही काळ राहून परत आली होती. मिळकत, मुलांचं शिक्षण, आरोग्य, कशातच ठळक फरक नव्हता. उलट नात्यागोत्याचा आधार तुटला होता. सोलापूरजवळ कुंभारीला नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या विडी कामगारांच्या प्रचंड वसाहतींकडे पाहतानाही हाच प्रश्न आधी विचारावा लागतो: काम, शाळा, दवाखाना घरांबरोबर आले का?

सांगलीत अंतराच्या जोडीला पाणी आहे. जागा स्वस्त ती कृष्णेच्या पूरपट्ट्यातच. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर ही नावं दर पावसाळ्यात पेपरात आधी येतात. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५चा पूर लोक विसरत नाहीत तोवर २०१९चा आला, आणि २०२१ मध्ये परत. पूर आला की ही कुटुंबं महापालिकेच्या शाळांत हलवतात. म्हणजे पोराचं घर बुडालं आणि शाळेचं निवारा केंद्र झालं, दोन्ही एकदमच. पाणी ओसरल्यावर भिंतीला महिनोन् महिने ओल, दप्तर गेलेलं, दाखले गेलेले. पाटबंधारे खात्याची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. पण निळ्या रेषेच्या आत मुळात कोण आणि का राहायला गेलं हे रेषा सांगत नाही. तिथून उठवायचं म्हटलं तर पुन्हा तोच अहमदाबादचा पेच.

पाटण तालुक्यात नदीऐवजी डोंगर खाली येतो. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंतींनी माणसं मारली. २०२१च्या जुलैत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरड कोसळली. ज्या खोऱ्यातली आधीची पिढी कोयना धरणाने हलवली, तिथे पुनर्वसन हा शब्द आजोबांपासून नातवापर्यंत चालत आला आहे.

मुलाला घराचा उपयोग अभ्यासासाठी होतो, हे या भागाला कोणी शिकवायला नको. वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकच्या घराण्यातले भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. खेड्यातलं गरीब पोर हुशार असूनही मागे पडतं, कारण त्याला बसायला जागा नाही, दिवा नाही, दोन वेळचं जेवण नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. आधी छप्पर आणि भाकरी, मग शाळा, असा क्रम त्यांनी लावला. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासकट दागिने मोडले. फेब्रुवारी १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. रयतेच्या महाविद्यालयांचं कौतुक करताना त्यांचा पाया वसतिगृह हा होता, हे क्वचितच कोणी आठवतं.

औंध संस्थानाचीही यात एक चमत्कारिक कामगिरी आहे. १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळरानावर पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली आणि किर्लोस्करवाडीत कारखान्याबरोबर कामगारांची घरंही उभी राहिली. त्याच संस्थानात १९३०च्या दशकाअखेर आटपाडीजवळ मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून स्वतंत्रपूर ही खुली वसाहत झाली. कैदी तिथे शेती करतात आणि बायकामुलांसह राहतात. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाला याच वसाहतीने बीज पुरवलं. जन्मठेपेच्या कैद्याची मुलं बापाजवळ, छपराखाली राहिली तर दोघांचंही बरं होतं, हे पारतंत्र्यातल्या एका छोट्या संस्थानाला उमगलं होतं.

याच मुलखात आज दरवर्षी हजारो मुलं सहा-सहा महिने उघड्यावर राहतात, कुठलाही गुन्हा न करता. कृष्णा, सह्याद्री, राजारामबापू, क्रांती, सोनहिरा, हुतात्मा, किसन वीर... साखर कारखान्यांची नावं घ्यावीत तेवढी थोडी. दिवाळी झाली की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून मुकादमाची उचल घेतलेल्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखान्याकडून बांबू आणि चटई मिळते. त्यांची कोपी उभी राहते. आत उभं राहता येतं ते फक्त मधोमध. चूल दाराशी, धूर आत. खाली काळी माती, तिच्यावर पाचट, पाचटावर वाकळ. विंचू-किरडू निघतं, ठिणगी पडली तर दोन मिनिटांत सगळं संपतं. बाई पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापते, फडात जाते. तान्हं बांधावर, त्याच्यावर नजर ठेवायला सात-आठ वर्षांची बहीण. त्याच कारखान्याच्या आवारात साखरेचं गोदाम असतं. पोत्याला ओल लागली तर माल खराब होतो, म्हणून त्याची जमीन ओलरोधक बांधलेली असते.

सहकाराचा अभिमान मिरवणाऱ्या जिल्ह्यांना हे बोचायला हवं. कायम कामगारांसाठी कारखान्यांनी वसाहती, शाळा, महाविद्यालयं, इस्पितळं बांधली. ज्याच्या कोयत्याशिवाय गाळपाचा भोंगा वाजत नाही तो सभासद नाही, मतदार नाही, म्हणून वार्षिक सभेत त्याच्या कोपीबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. एकाच तळावर दर हंगामाला टोळ्या उतरतात हे ठाऊक असताना तिथे काँक्रीटचे ओटे, पत्र्याच्या कायम खोल्या, नळ आणि संडास बांधणं हा कारखान्याच्या ताळेबंदात दिसणारही नाही एवढा खर्च आहे.

मुलांपुरता एक मार्ग काढला गेला. २०००च्या दशकात ‘जनार्थ’सारख्या संस्थेने कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या. नंतर भर आला मुलांना गावीच ठेवण्यावर: हंगामी वसतिगृहं, आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृहं. कल्पना भाऊराव पाटलांचीच आहे. पण दूध पिणारं पोर वसतिगृहात राहत नाही, आणि वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायला आई-बाप धजावत नाहीत. ती कोपीत येते, आणि तिथे तिला आंघोळीला आडोसा नसतो म्हणून तिचं लग्न लवकर उरकतात. बालविवाहाच्या चर्चेत हुंडा, अज्ञान, परंपरा यांची नावं येतात. चार भिंती आणि कडी लावता येणारं दार नाही, हेही कारण त्या यादीत वर घालायला हवं.

आणि घरकुलाच्या यादीत ही माणसं कुठे? गावाकडे नाव असलं आणि घर बांधून झालं तरी ते वर्षातले सहा महिने कुलपात. नाव नसलं तर ते घालायची वेळ साधणं कठीण. आवास योजनेच्या पुढच्या टप्प्यासाठी, २०२४ ते २०२९ या काळातल्या दोन कोटी घरांसाठी, नवं सर्वेक्षण झालं ते २०२५च्या पहिल्या महिन्यांत. मुदत आधी मार्चअखेरपर्यंत होती, मग वाढवत नेली. स्वतःच्या मोबाइलवरून चेहरा पटवून राहत्या घराची माहिती भरायचीही सोय होती. त्या जानेवारी-फेब्रुवारीत गाळप ऐन जोरात होतं. बीडचा माणूस वाळव्याच्या फडात होता, त्याचं राहतं घर तिथल्या तळावरची कोपी होतं, आणि पाहणी करणारा ग्रामसेवक त्याच्या गावात कुलूप लावलेल्या दारासमोर उभा होता. वाळव्याच्या ग्रामसेवकाने तळावर जाऊन त्या कोप्या मोजाव्यात, असा हुकूम कोणत्याच जिल्ह्याच्या यादीत बसत नव्हता.